मोकळा कोपरा

अण्णांनी चित्रावर नखाने टिचकी मारली आणि वाकून त्याचा वास घेतला. दुकानातली मुलगी दचकलीच.

"काका, प्लीज, हात नका ना लावू."

"वास न्हाई," अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. "रंगाला वासच न्हाई, पोरी. फ्लेक्स हाय ह्यो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्यातलं ते चकाचक दुकान, भिंतींवर नीट अंतर राखून टांगलेली फ्रेम केलेली चित्रं, प्रत्येकावर वेगळा दिवा, आणि मध्ये धोतर-टोपीतले माझे सासरे मोठ्या आवाजात फ्लेक्स म्हणतायत! सकाळी त्यांचे डोळे तपासून घेतले होते, साताऱ्याच्या गाडीला वेळ होता, म्हणून मी त्यांना इथे आणलं होतं. आणलं म्हणजे ओढूनच आणलं.

"फ्लेक्स नाही काका, आर्ट प्रिंट आहे," ती मुलगी बिचारी समजुतीने सांगायला लागली. "मूळ चित्र मोठ्या चित्रकाराचं आहे. त्याची कॅनव्हासवर छापलेली प्रत. फक्त शंभर प्रती काढल्यात."

"मशिनीवर?"

"हो, मशीनवरच, पण शाई खूप चांगली असते. शंभर वर्षं रंग उडत नाही."

"त्येच म्हंतोय मी," अण्णा म्हणाले आणि दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले.

अण्णा म्हणजे हणमंत लोहार. पण लोहार हे फक्त रेशनकार्डावर. रहिमतपूर आणि आजूबाजूच्या वीस गावांत त्यांना सगळे हणमंत पेंटर म्हणून ओळखायचे. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, सोसायटीचे बोर्ड, ट्रकच्या मागचं 'आईचा आशीर्वाद', सगळं त्यांच्या हातचं. मग फ्लेक्स आला. रात्रीत छापून सकाळी टांगलेला. त्या वर्षी अण्णांनी ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. मी लग्न होऊन आले तेव्हा ब्रश ट्रंकेत जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना साताऱ्याला आमच्या नव्या फ्लॅटमध्ये आणलं, तोवर पुरती नऊ. दिवसभर सोफ्यावर बसायचे. पेपर उलटसुलट वाचायचे. विचारलं तर बोलायचे, नाही विचारलं तर नाही. इतका हुन्नरी माणूस असा भिंतीकडे बघत बसलेला मला बघवत नसे.

म्हणून मी एक हट्ट धरला होता. घराच्या दारावर नाव अण्णांनीच लिहायचं. मी एक सागवानी पाटी करून आणली, पुढ्यात ठेवली. त्यांनी उजवा हात पुढे करून दाखवला.

"हात थरथरतोय, पोरी. वळ वाकडी जाईल."

"जाऊ दे वाकडी."

"मग पेंटर कशाला म्हनायचं?"

मीही काही कमी नाही. म्हटलं, तुम्ही लिहीत नाही तोवर दार तसंच राहील. आणि राहिलं. सहा महिने आमच्या दारावर नाव नव्हतं. कुरिअरवाला दर खेपेला समोरच्या साठ्यांची बेल वाजवायचा, आणि साठेवहिनी दर खेपेला मला ऐकवायच्या. धनंजय, माझा नवरा, म्हणायचा, "अगं बाजारातून तयार पाटी आण आणि विषय मिटव." त्याचे विषय फार लवकर मिटतात. अण्णांनी पुन्हा ब्रश हातात घ्यावा एवढंच मला हवं होतं, आणि ते तयार पाटीने कसं मिटणार?

हॉलची मोठी भिंतही अशीच रिकामी होती. तिच्यासाठी आधी अण्णांनाच म्हटलं होतं, एखादं डोंगर-नदीचं चित्र काढा. तिथेही हात थरथरला. तेव्हा मी चिडून म्हणाले, "ठीक आहे, भिंत मी विकतच्या चित्राने भरीन. दार मात्र तुमच्या नावावर." तर अशा रीतीने आम्ही त्या दुकानात.

मी चित्रं बघत फिरले. मला चित्रातलं कळतं असा माझा दावा नाही. मी शाळेत गणित शिकवते. पण एका चित्रापुढे पाय थांबले. वरून खाली उतरत आलेला निळा, त्याच्या खाली हळदीसारखा पिवळा, मधून एक लाल रेघ. झाड नाही, माणूस नाही, काही नाही. तरी पाहिल्यावर बरं वाटत होतं. उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात मात्र हातभर जागा तशीच सोडलेली. नुसतं कापड दिसत होतं.

अण्णा कधी उठून माझ्यामागे आले कळलं नाही.

"ह्यो कोपरा ऱ्हायला," ते म्हणाले.

"तो मुद्दाम ठेवलाय काका," मुलगी म्हणाली. "चित्राला श्वास घ्यायला जागा."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं. "मुद्दाम कोन ठिवतंय? मधनंच उठवलं असंल कुनीतरी त्येला."

मला हसू आलं. "जेवायला हाक मारली असेल," मी म्हणाले.

अण्णा हसले नाहीत. पण त्या दुकानातल्या पन्नास चित्रांपैकी त्यांनी काही विचारलं ते या एकाबद्दल, म्हणून मी हेच घेतलं. किंमत त्यांच्या कानावर पडणार नाही अशा बेताने मी काउंटरवर कार्ड सरकवलं.

एसटीत अण्णांनी ते बांधलेलं चित्र गुडघ्यांमध्ये उभं धरलं होतं. कंडक्टरने विचारलं, "आजोबा, आरसा हाय काय? जपून, फुटंल."

"आरसा न्हवं," अण्णा म्हणाले. "ऱ्हायल्यालं काम हाय."

चित्र भिंतीवर लागलं. साठेवहिनी येऊन बघून गेल्या आणि "छान आहे, रंगारी येणारे का अजून?" असं विचारून गेल्या. धनंजयने मान तिरकी करून पाहिलं, किंमत विचारली, आणि मान सरळ करून आत गेला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण चित्र मला आवडलं होतं आणि मी ते कुणाच्या परवानगीने आणलं नव्हतं.

अण्णांची तऱ्हा वेगळीच झाली. सोफा बरोबर समोर. सकाळी चहाचा कप हातात घेतला की नजर कोपऱ्यावर. दुपारी जेवताना ताट घेऊन बसायचे तेही असे की कोपरा दिसला पाहिजे.

"अण्णा, भाजी कशी झालीय?"

"निळा दोन हातांत वडलाय त्यानं. बघ, हितं सांधा दिसतोय."

"भाजीचं विचारतेय मी."

"हां, बरी हाय. पर कोपरा भरायचा असंल तर निळा येकदम न्हाई चालायचा. थेंबभर काळा लागंल त्यात."

असं आठ दिवस. मी मनातून खूश. नऊ वर्षांनी माणूस रंगाबद्दल बोलत होता. हे मी रात्री धनंजयला सांगितलं तर तो म्हणाला, "बोलतायत ना? मग झालं." विषय मिटला.

नवव्या दिवशी, शनिवारी, सकाळची शाळा करून मी दीडच्या सुमारास घरी आले. माझ्याकडच्या किल्लीने लॅच उघडलं आणि दारातच थबकले. घरात वास होता. टर्पेंटाइनचा आणि ऑइलपेंटचा, डोक्यात जाणारा. एक क्षण वाटलं, साठ्यांकडे रंगकाम काढलंय.

आत आले. चित्र भिंतीवरून उतरवून डायनिंग टेबलावर आडवं ठेवलेलं, खाली जुने पेपर. वाटीत रंग. माझ्या वाटीत, वरणाच्या. आणि तो मोकळा कोपरा भरलेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं कशाला बोलू? त्या घडीला मला ना नऊ वर्षं आठवली, ना दारावरची पाटी. मला फक्त माझं चित्र दिसलं. कित्येक महिने मन मारून, आवडलेल्या साड्या परत घडी घालून ठेवून घेतलेलं चित्र.

"अण्णा!" मी ओरडले. "काय केलंत हे?"

ते मोरीतून हात पुसत आले. "आलीस? वाळतंय आजून. हात लावू नगंस."

"हात मी लावू नको? विकतची वस्तू आहे ती! एवढ्या मोठ्या माणसाचं चित्र, त्याने मुद्दाम जागा सोडलीय, आणि तुम्ही त्यावर हार्डवेअरच्या दुकानातला रंग फासलात? विचारायचं तरी! कुणाला तरी विचारायचं!"

हातातला फडका घडी घालून त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवला. मग हळूच म्हणाले, "चुकलं माजं."

त्या दोन शब्दांनी माझा सगळा आवाज खाली आला. मी पर्स ठेवली आणि टेबलापाशी गेले. आता नीट पाहिलं.

जुना निळा कुठे संपतो आणि अण्णांचा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. मी बोट न लावता अगदी जवळ नाक नेऊन शोधलं. लाल रेघ आधी कोपऱ्याच्या अलीकडेच तुटलेली होती. ती त्यांनी पुढे नेली होती, फ्रेमच्या काठापर्यंत, एका जाडीची, सुतात सरळ. कुठे अडखळ नाही, थरथर नाही.

"अण्णा, हात थरथरतो म्हणत होता ना?"

त्यांनी हात पुढे धरून पाहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. नखांत निळा रंग. आणि हात खरंच थरथरत होता.

"ब्रश धरला की थांबतोय," ते म्हणाले. "मलाबी आज कळलं."

पेपरवर तीन ब्रश ओळीने पडले होते. मी एक उचलला. केस मऊ, टोक जमलेलं. नऊ वर्षं पडून असलेला ब्रश काठीसारखा व्हायला हवा होता.

"हे नवीन आणलेत?"

"जुनंच हायत. दर खंडेनवमीला भाईर काडतो, धुतो, हळद-कुक्कू लावतो आन् गोडंतेल चोळून परत कागदात गुंडाळतो. हत्यार हाय. वापरत न्हाई म्हनून पूजा चुकवायची व्हय?"

म्हणजे दरवर्षी हा माणूस दार लावून ब्रशांची पूजा करत होता, आणि आम्हाला पत्ता नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"बसा," मी म्हणाले. चहा टाकला, त्यांच्या हातात कप दिला आणि समोर बसले. "आता खरं सांगा. तो कोपरा तुम्हाला एवढा का टोचत होता?"

त्यांनी बशीत चहा ओतून फुंकला.

"बाजारपेठेत येक कापडाचं दुकान व्हतं," ते म्हणाले. "नव्यानं काडलं व्हतं. मोठ्ठा बोर्ड, पंधरा फुटी. मला काम दिल्यालं. तीन दिस शिडीवर व्हतो मी. माजी रीत तुला ठावं न्हाई. मी आदी अक्षरं काडतो. सगळी. मग लांब जाऊन बघतो, अंतर बराबर हाय का. आन् शिरोरेघ येकदम शेवटी. दम धरायचा आन् येका हातात ह्या टोकापास्नं त्या टोकापतुर. ती रेघ वडली की अक्षरांचं नाव हुतं. तवर ती निस्ती लटकल्याली असत्यात."

"मग?"

"अक्षरं झाली. ब्रश भरून घेतला. दम धरला. आन् खालनं मालकानं हाक मारली, 'हणमंता, खाली उतर. फ्लेक्स आलाय सातारवरनं.' म्या म्हनलं, मालक, येक रेघ ऱ्हायलीय, पाच मिन्टं. तो म्हनला, 'कशाला रंग घालवतोस, झाकायचंच हाय ते. उतर खाली.'"

कपबशी त्यांनी खाली ठेवली.

"दोन पोरं शिडीपाशी फ्लेक्स घिऊन हुबी. सगळी पेठ बघत व्हती. भरल्याला ब्रश घिऊन उतरलो मी. पैसं दिलं त्यानं, सगळं दिलं, न्हाई म्हनत न्हाई. पर ती अक्षरं आजून तशीच हायत बघ त्या फ्लेक्साखाली. बिनरेघंची. नऊ वर्सं." मग चित्राकडे बोट केलं. "त्या दुकानातली पोरगी म्हनली, श्वास. आगं श्वास न्हाई त्यो. आडकल्याला दम हाय. त्यालाबी कुनीतरी खाली उतर म्हनलं असंल, असं वाटायचं मला. म्हनून भरून दिलं."

आणि मी दुकानात म्हणाले होते, जेवायला हाक मारली असेल. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, पदराला डोळे पुसले आणि नाक शिंकरलं.

"तुमची सही नाही घातली इथे?" मी कोपऱ्याकडे बोट करून विचारलं. त्या चित्रकाराची बारीक सही डाव्या बाजूला होती, तिला धक्काही लागलेला नव्हता.

"छ्या! काम त्याचं. दुसऱ्याच्या कामावर नाव घालत न्हाई पेंटर."

"शंभर प्रती आहेत म्हणे जगात याच्या."

"असत्याल," अण्णा म्हणाले. मग मिशीतल्या मिशीत हसले, मी त्यांच्या तोंडावर ते हसू पहिल्यांदाच पाहिलं. "पर पुरी झाल्याली ही येकच."

मी उठले. दाराआडून सहा महिने धूळ खात पडलेली सागवानी पाटी आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. अण्णांनी पाटीकडे पाहिलं आणि बाजूला सारली.

"पाटी नगं," ते म्हणाले. "पाटी कुनीबी काडून ठिवंल. दाराच्या वर भित हाय की सफेद. तितं लिवतो. स्टूल हाय का घरात?"

"आहे!"

"सोसायटीवालं काय म्हनतील?"

"चेअरमनला मी बघते," मी म्हणाले. आणि नंतर बघितलंही, पण ती गोष्ट वेगळी.

चार वाजता काम सुरू झालं. अण्णांनी शिवणाच्या दोऱ्याला नीळ लावली, एक टोक मला धरायला दिलं, दोनदा दोरा ताणून सोडला आणि भिंतीवर दोन बारीक रेघा उमटल्या. मग ते स्टुलावर चढले. सत्तरीला आलेला माणूस, धोतराचा काचा मारून, एका हाताने चौकट धरून. मी खाली दोन्ही हातांनी स्टूल घट्ट आवळून उभी. साठेवहिनींनी दार किलकिलं केलं, मी ओठांवर बोट ठेवलं, त्यांनी लावून घेतलं. त्या बाईने माझं ऐकलेली ती पहिली वेळ.

लो झाला. हा झाला. 'र'चा गोल देठ उतरला. घाई नाही. मध्येच खाली वाकून म्हणायचे, "पोरी, अंतर बघ गं," आणि मी जिन्याच्या कठड्यापर्यंत मागे जाऊन बघायचे आणि पळत येऊन पुन्हा स्टूल धरायचे. साडेपाच होत आले. तीन अक्षरं भिंतीवर उभी होती, काळीभोर, डौलदार, आणि डोक्यावर रेघ नसलेली. अण्णांनी ब्रश वाटीत बुडवला, कडेला निथळला, आणि दम धरला.

तेवढ्यात जिन्यात बूट वाजले. धनंजय ऑफिसातून आला. आतल्या चित्राचा प्रकार त्याला अजून माहीतच नव्हता. त्याने फक्त एवढंच पाहिलं की त्याचा बाप स्टुलावर चढून एक हात हवेत धरून उभा आहे. बॅग त्याच्या हातातून सुटली.

"अण्णा! अहो, पडाल! आधी खाली उत—"

मी स्टूल सोडलं आणि झेप घेऊन त्याचं तोंड दाबलं. दोन्ही हातांनी. तो डोळे वटारून बघायला लागला, मी त्याला भिंतीशी दाबून धरलं आणि कानात म्हणाले, "एक शब्द काढलास तर बघ. एक शब्द नाही."

वर अण्णांचा हात थांबला होता. त्यांनी ऐकलं होतं. टोपीखालच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. पाठ आमच्याकडे. ब्रशावरून रंगाचा एक थेंब ओघळून स्टुलावर पडला.

"अण्णा," मी खालून म्हणाले. "सावकाश होऊ द्या. आम्ही आहोत इथे."

त्यांनी दम सोडला. पुन्हा धरला. आणि ब्रश भिंतीला टेकवून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका हातात, न थांबता, रेघ ओढली.

लोहार.

धनंजयचं तोंड मी सोडलं. नऊ वर्षांत त्याने बापाच्या हातात ब्रश पाहिला नव्हता. ते आत्ता त्याच्या लक्षात आलं आणि तो तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. अण्णा त्यानंतर चार वर्षं होते, आणि त्या चार वर्षांत आमच्या सोसायटीतल्या एकाही दारावर बाजारची पाटी राहिली नाही, साठ्यांच्यासुद्धा. चित्र अजून हॉलमध्ये आहे. कुणी जाणकार आला की कोपऱ्यापाशी थांबतो आणि म्हणतो, हे मूळ चित्रात असं नाहीये. मी म्हणते, हो, मूळचं अर्धं राहिलं होतं.

पण त्या संध्याकाळचं मला सगळ्यात जास्त आठवतं ते रेघ ओढून झाल्यावरचं. अण्णांनी ब्रश फडक्याला पुसला. अंग मागे टाकून नाव एकदा वाचलं. आम्ही दोघांपैकी कुणीही हात पुढे केला नाही. मग खाली कोपऱ्यात, बोटाएवढ्या जागेत, त्यांनी बारीक अक्षरांत 'हणमंत पेंटर' लिहिलं, त्यावर इवलीशी रेघ ओढली, आणि आपले आपण खाली उतरले.